पसारा लायसन्स: खान्देशात सिक्युरिटी एजन्सी काढताना सुरुवात कुठून करायची आणि फाइल कुठे अडते

दिवाळीच्या आगेमागे खान्देशातल्या जीनिंग, म्हणजे कापसाचे कारखाने, सुरू होतात आणि गेटवर माणसं लागतात. साक्रीकडच्या सोलर प्लांटला आणि पवनचक्क्यांना तर बारा महिने राखण लागते, कारण तिथे केबल चोरीची भीती असते. मागणी अशी अचानक येते, म्हणून पाटी, लेटरहेड, दोन जोड गणवेश आणि दहा-बारा माणसं एवढ्यावर एजन्सी उभी राहते. पहिलं बिलही निघतं. लायसन्सचं मात्र ‘नंतर बघू’ म्हणून राहून जातं. हे ‘नंतर’ फार महागात पडतं. लायसन्स नसताना एजन्सी चालवली तर एक वर्षापर्यंत कैद, २५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

कायद्याचं नाव खाजगी सुरक्षा एजन्सी (विनियमन) अधिनियम, २००५. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला ‘पसारा’ म्हणतात, म्हणून आपणही तेच म्हणू. तो १५ मार्च २००६ पासून लागू झाला आणि महाराष्ट्राने त्याखाली २००७ मध्ये स्वतःचे नियम केले. केंद्राने राज्यांसाठी आदर्श नियम २००६ मध्ये दिले आणि २०२० मध्ये ते नव्याने आणले.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. अर्जाचा फॉर्म भरणं हे या कामातलं सगळ्यात सोपं काम आहे. फाइल अडते ती माणसांच्या कागदांवर आणि पुढे एजन्सी बुडते ती चुकीच्या दरावर. म्हणून या लेखात त्या दोन जागी जास्त थांबलो आहोत.

हे लायसन्स कोणाला लागतं

दुसऱ्याच्या जागेसाठी किंवा जिवासाठी गार्ड पुरवणं हा ज्याचा धंदा, त्याला लायसन्स लागतं. गार्ड किंवा सुपरवायझरला प्रशिक्षण देण्याचा धंदाही याच व्याख्येत येतो, त्यामुळे प्रशिक्षण संस्थेशी करार करण्याआधी तिचं लायसन्स मागून बघा. जीनिंगच्या मालकाने स्वतःच्या पगारपत्रकावर चार रखवालदार ठेवले तर त्याला पसारा लागत नाही. तेच चार जण ठेकेदाराकडून आले की ठेकेदाराला लागतो.

इथली नेहमीची चूक अशी की ‘मॅनपॉवर’ किंवा ‘हाउसकीपिंग’च्या नावाने बिल करायचं आणि माणसं गेटवर उभी करायची. बिलावर काहीही लिहिलेलं असो, माणूस गेटवर शिट्टी आणि रजिस्टर घेऊन उभा असेल तर ते सुरक्षेचंच काम आहे.

सरकारी कार्यालयांत दिसणारे महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाचे जवान वेगळ्या कायद्याखाली आहेत. ते महामंडळ २०१० च्या राज्याच्या कायद्याने आलं, त्यामुळे त्यांचं उदाहरण तुमच्या एजन्सीला लागू होत नाही.

दुसरं दार: १९८१ चा कायदा

पसारा मिळाला म्हणजे सगळं झालं असं समजणारे अनेक जण इथेच फसतात. महाराष्ट्रात त्याच्याही आधीपासून दुसरा कायदा आहे: महाराष्ट्र खाजगी सुरक्षा रक्षक (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९८१. कारखान्यात किंवा आस्थापनेत काम करणारे, पण तिथले थेट आणि नियमित कर्मचारी नसलेले सुरक्षा रक्षक त्याच्या कक्षेत येतात. या कायद्याखाली सुरक्षा रक्षक मंडळं आहेत. रक्षकाची नोंदणी मंडळात होते, मालकाचीही होते. मालक पगार आणि त्यावरची लेव्ही, म्हणजे पगारावर टक्केवारीने आकारलेली जादा रक्कम, मंडळाकडे भरतो आणि मंडळ रक्षकाला पगार देतं.

मग खाजगी एजन्सीला जागा कुठे उरते? कलम २३ मध्ये. मंडळाच्या योजनेत मिळतात त्यापेक्षा कमी नसलेले लाभ जी एजन्सी आपल्या रक्षकांना देते, तिच्या रक्षकांना राज्य शासन अटी घालून सूट देऊ शकतं. ही सूट कामगार खात्याच्या वाटेने मिळते, गृह खात्याच्या नाही. दोन खाती, दोन फाइली. पसारा सांगतो की तुम्ही हा धंदा करायला पात्र आहात. १९८१ चा कायदा बघतो की रक्षकाला त्याचं देणं मिळतंय का. एक कागद दाखवून दुसऱ्याची नोटीस टळत नाही.

त्यामुळे एमआयडीसीतलं काम घेण्याआधी, मग ती जळगावची असो, धुळ्यात अवधानची, नरडाण्याची किंवा नवापूरची, तुमच्या जिल्ह्याला लागू असलेल्या मंडळाकडे आणि सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन लेखी विचारणा करा. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. नोटीस सहसा मूळ मालकाला, म्हणजे तुमच्या गिऱ्हाईकाला, आधी जाते. ती हातात पडली की तो पहिला फोन तुम्हाला करतो, आणि त्या वेळी दाखवायला काहीतरी हातात हवं.

क्षेत्र आणि फी

लायसन्स जिल्ह्यांच्या हिशेबाने मिळतं. एका जिल्ह्यासाठी फी ५,००० रुपये, एकाहून जास्त पण पाचपर्यंत जिल्ह्यांसाठी १०,००० आणि संपूर्ण राज्यासाठी २५,०००. खान्देशात काम करणाऱ्याने मधला पर्याय घ्यावा, हे आमचं स्पष्ट मत. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीन आणि मालेगावची कामं येतात म्हणून नाशिक असे चार धरले तरी एक जागा शिल्लक राहते. फक्त जळगावचं लायसन्स घेतलं आणि सहा महिन्यांनी शिरपूरच्या गिऱ्हाईकाने बोलावलं, तर ते काम तुम्हाला घेता येत नाही.

लायसन्स राज्याबाहेर चालत नाही. आपल्याकडे हा मुद्दा कागदापुरता नाही. नवापूरचं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. रावेरच्या पुढे गेलं की बऱ्हाणपूर म्हणजे मध्य प्रदेश. गिऱ्हाईक नवापूरचं आणि गोदाम उच्छलला, असं असेल तर गोदामाच्या गेटसाठी गुजरातचं लायसन्स लागेल. करारात साइटचा पत्ता गट नंबर आणि तालुक्यासकट लिहा, म्हणजे वाद उरत नाही.

अर्ज कोण करू शकतं

अर्जदार भारताचा नागरिक हवा. कंपनी किंवा भागीदारी असेल तर ती भारतात नोंदलेली हवी आणि तिचा मालक, भागीदार, संचालक किंवा बहुसंख्य भागधारक परदेशी नागरिक नसावा. कंपनीशी संबंधित फसवणुकीत शिक्षा झालेला, दिवाळखोरीतून न सुटलेला, किमान दोन वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला, बंदी घातलेल्या संघटनेशी संबंध ठेवणारा, किंवा गैरवर्तनावरून सरकारी नोकरीतून काढलेला माणूस अर्ज करू शकत नाही. भागीदारी करताना या याद्यांत बसणारा कोणी नाही ना, हे करारपत्रावर सह्या व्हायच्या आत बघा. एका भागीदाराचा जुना खटला सगळ्यांची फाइल बसवतो.

कंपनी काढत असाल तर तिच्या उद्दिष्टांत सुरक्षा सेवा देण्याचा उल्लेख हवा. तो नसला तर उद्दिष्टं बदलून आणण्यात वेळ जातो.

हातात ठेवायचे कागद असे: पॅन, आधार, कंपनी किंवा भागीदारीची नोंदणी, कार्यालयाच्या जागेचा भाडेकरार आणि वीजबिल, दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद, जीएसटी, पीएफ आणि ईएसआयचे क्रमांक, प्रशिक्षण संस्थेशी केलेला करार, गणवेशाचा आणि बिल्ल्याचा नमुना, प्रत्येक मालक-भागीदाराच्या पडताळणीचे फॉर्म, आणि प्रतिज्ञापत्र. या सगळ्यांत नाव एकाच प्रकारे लिहिलेलं असलं पाहिजे. आधारवर ‘भाऊसाहेब’, पॅनवर ‘भाऊराव’ आणि भाडेकरारावर नुसतं ‘बी. एस.’ असेल तर आधी ते एकसारखं करून घ्या. त्यात आठ-पंधरा दिवस जातील, पण नंतर त्रुटीपत्र येऊन महिने जाण्यापेक्षा ते परवडतं.

अर्ज कुठे जातो

एसपी ऑफिस लायसन्स देत नाही. लायसन्स देतो तो राज्याचा नियंत्रक प्राधिकारी, म्हणजे गृह खात्यातला किमान सहसचिव दर्जाचा किंवा त्याला समकक्ष अधिकारी. अर्ज पसाराच्या ऑनलाइन पोर्टलवर भरायचा. एसपी ऑफिसचं काम पडताळणी करून ना हरकत देण्याचं.

सर्व बाबतींत पूर्ण असलेला अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांत लायसन्स द्यायचं की नाकारायचं याचा आदेश झाला पाहिजे, असं कायदा सांगतो. यातला ‘सर्व बाबतींत पूर्ण’ हा शब्द महत्त्वाचा. एक कागद कमी असला तर ६० दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. नाकारायचं असेल तर आधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं आणि कारणं लेखी द्यावी लागतात. आदेशाविरुद्ध राज्याच्या गृहसचिवांकडे अपील करता येतं, त्याची मुदत ६० दिवसांची.

पडताळणी: खान्देशात फाइल इथे अडते

मालकांची पडताळणी एकदाच होते. गार्डांची सतत चालू असते. आदर्श नियमांनुसार गार्डने पडताळणीचा फॉर्म भरून द्यायचा, आणि मागच्या पाच वर्षांत तो जितक्या जिल्ह्यांत राहिला असेल तितके फॉर्म द्यायचे.

हे वाक्य खान्देशाच्या संदर्भात पुन्हा वाचा. आपल्याकडे गेटवर उभा राहणारा मुलगा बहुतेक वेळा दोन-तीन वर्षं सुरतेला काढून आलेला असतो. कोणी पुण्याकडे चाकणला कंपनीत होता, कोणी नाशिकला अंबडमध्ये. तळोदा-अक्कलकुव्याकडची माणसं ऊसतोडीला गुजरातेत जाऊन आलेली असतात. फॉर्मवर फक्त गावचा पत्ता टाकला तर पडताळणी अपुरी राहते, आणि उद्या त्या माणसावर सुरतचा गुन्हा निघाला तर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे उत्तर चालत नाही. त्याचं चारित्र्य आणि पूर्वेतिहास याबद्दल एजन्सीने स्वतःची खात्री करून घ्यावी, अशी कायद्याचीच अट आहे.

म्हणून भरती करताना माणसाला समोर बसवा आणि पाच वर्षांचा हिशेब महिन्यांसकट लिहून घ्या. ‘पाच वर्षांत कुठे कुठे राहिलास?’ असं विचारलं तर तो ‘इथेच’ म्हणेल. ‘मागच्या दिवाळीला कुठे होतास, त्याच्या आधीच्या होळीला कुठे होतास?’ असं सणासणांनी मागे जा. जिल्हे आपोआप बाहेर येतात. जिथे भाड्याने राहिला त्या खोलीमालकाचं नाव आणि गल्लीसुद्धा लिहा, नाहीतर तिकडचा पोलीस ‘पत्त्यावर आढळून आला नाही’ असा शेरा मारून फॉर्म परत पाठवतो.

मतदार ओळखपत्र, शाळेचा दाखला आणि आधार यांतल्या जन्मतारखा जुळतात का, तेही तेव्हाच बघा. नंदुरबार जिल्ह्यातल्या दुर्गम पाड्यांवरच्या माणसांत १ जानेवारी किंवा १ जून अशी अंदाजाने टाकलेली तारीख खूप आढळते. वय १८ पूर्ण आणि ६५ च्या आत ही कायद्याची अट आहे, त्यामुळे काठावरच्या वयाच्या माणसाचा वयाचा पुरावा पक्का असल्याशिवाय त्याला घेऊ नका.

शरीर आणि प्रशिक्षण

शारीरिक निकष असे. पुरुषाची उंची १६० सेंटिमीटर, स्त्रीची १५०. पुरुषाची छाती ८० सेंटिमीटर आणि फुगवून ४ सेंटिमीटर जास्त. दूरची नजर ६/६, चष्म्यासह चालते, पण रंगांधळेपणा चालत नाही. एक किलोमीटर सहा मिनिटांत धावता आलं पाहिजे. ऐकायला नीट यायला हवं. शिवाय दर १२ महिन्यांनी वैद्यकीय तपासणी. रंगांधळेपणाची तपासणी भरतीच्या वेळी हमखास राहून जाते. अलार्म पॅनेलवरचा लाल आणि हिरवा दिवा ज्याला वेगळा दिसत नाही तो माणूस रात्रपाळीत काय करणार?

प्रशिक्षण किमान १०० तास वर्गातलं आणि ६० तास प्रत्यक्ष, कमीत कमी २० कामाच्या दिवसांत विभागलेलं. माजी सैनिक आणि माजी पोलीस असतील तर ४० तास वर्गातले, १६ तास प्रत्यक्ष, किमान ७ दिवस. गणवेशाची शिस्त, आग विझवणं, गर्दी आवरणं, ओळखपत्र तपासणं, स्फोटक वस्तू ओळखणं, प्रथमोपचार, कायद्याची तोंडओळख हे विषय त्यात येतात. नुसतं प्रमाणपत्र विकत घेण्याचा प्रकार सर्रास चालतो आणि तो हजेरीत पकडला जातो: ज्या २० दिवसांत माणूस ‘प्रशिक्षणात’ होता, त्याच दिवसांचा त्याचा पगार कुठल्यातरी साइटच्या मस्टरवर निघालेला असतो. तपासणीला आलेला अधिकारी ही दोन रजिस्टरं शेजारी ठेवतो.

कायद्याचा भाग जुन्या वहीतून शिकवू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. स्वसंरक्षणाचा हक्क तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. एफआयआरचं कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १७३. गार्डच्या सगळ्यात कामाचं कलम त्याच संहितेचं ४०. खाजगी माणसाने समोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडताना पाहिला तर तो त्या इसमाला पकडू शकतो, पण विनाविलंब आणि जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. चोर पकडून रात्रभर केबिनमध्ये बांधून ठेवला आणि सकाळी मालक आल्यावर पोलिसांना फोन केला, तर आरोपीच्या पिंजऱ्यात गार्डच उभा राहतो. हे एवढं एक वाक्य प्रत्येकाच्या तोंडी पाठ करून घ्या.

आगीचं प्रशिक्षण साइट बघून द्या. जीनिंगमध्ये १७० किलोच्या गाठीत ठिणगी शिरली तर वरून पाणी मारून आग विझल्यासारखी दिसते आणि आत धुमसत राहते. तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, ती गाठ पुन्हा पेटते आणि शेजारच्या गाठींना घेऊन जाते. गार्डला शिकवायचं ते असं: धूर आलेली गाठ थप्पीतून वेगळी करून उघड्यावर न्यायला लावायची, ती फोडून आतपर्यंत भिजवायला लावायची आणि तिच्यावर पुढच्या पाळीचा माणूसही नेमायचा. फायर सिलिंडरवरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का हे ड्युटी घेताना बघून रजिस्टरला लिहायचं.

गणवेश

खाकीचा मोह आवरा. सैन्य, पोलीस किंवा इतर सशस्त्र दलांसारखा दिसणारा गणवेश, खांद्यावर तारे, तशा प्रकारचे बिल्ले असतील तर गार्ड आणि एजन्सीचा मालक, दोघांनाही एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नियमांना हवं ते साधं आहे: दंडावर एजन्सीचा बिल्ला, छातीवर किंवा खांद्यावर पद, डाव्या खिशात दोरीला बांधलेली शिट्टी, नाडीचे बूट, डोक्यावर टोपी, जवळ वही आणि पेन. एजन्सीने दिलेलं फोटो ओळखपत्र कमरेच्या वर, सगळ्यात बाहेरच्या कपड्यावर दिसेल असं लावायचं. थंडीत जर्किन चढलं की ओळखपत्र आत जातं, ही जानेवारीत प्रत्येक साइटवर दिसणारी चूक. जर्किनलाच क्लिप शिवून द्या.

लायसन्स हातात आल्यावर

लायसन्स पाच वर्षांचं असतं. ते कार्यालयात दर्शनी जागी लावा. मिळाल्यापासून सहा महिन्यांत काम सुरू झालं पाहिजे. एजन्सीतल्या प्रत्येक भागीदार-संचालकाची माहिती १५ दिवसांत प्राधिकाऱ्याला कळवायची. पत्ता किंवा व्यवस्थापन बदललं तर सात दिवसांत. एखाद्या गार्डवर ड्युटीसंबंधी आरोप ठेवला गेला तर लगेच.

सुपरवायझरचं प्रमाण १५ गार्डमागे एक. पण गार्ड वेगवेगळ्या जागी विखुरलेले असतील आणि एकाला पंधरा जण बघणं शक्य नसेल तर सहांमागे एक. खान्देशात हे दुसरं प्रमाणच धरून चाला. साक्रीच्या माळावरच्या पवनचक्क्या आणि पिंपळनेरचं गोदाम एका माणसाला एका रात्रीत दोनदा बघून होत नाही.

रजिस्टर हा तुमचा खरा बचाव. व्यवस्थापकांची नावं-पत्ते, गार्ड आणि सुपरवायझरांची नावं, पत्ते, फोटो आणि पगार, आणि ज्यांना सेवा देता त्या गिऱ्हाईकांची नावं-पत्ते एवढं कायद्याने लागतंच. साइटवरचं ड्युटी रजिस्टर त्याशिवाय. तिथे ‘सर्व ठीक’ हे दोन शब्द रोज लिहिलेले असतील तर चोरीनंतर त्या रजिस्टरला काही किंमत राहत नाही. नोंद अशी हवी: ‘रात्री २:१०, मागच्या कंपाउंडला कुत्री भुंकली. टॉर्च मारली, खांब क्र. ७ जवळ तार वाकलेली. माणूस दिसला नाही. २:१४ ला सुपरवायझरला फोन. २:४० ला ते आले, सही.’

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान ४५ दिवस आधी. आमचा सल्ला चार महिने आधीचा, कारण गार्डांच्या जुन्या पडताळण्यांची मुदत तेव्हा तपासावी लागते आणि त्यातल्या बऱ्याच पुन्हा कराव्या लागतात.

दर: एजन्सी इथे बुडते

एका गेटला २४ तास माणूस म्हणजे किती माणसं? आठवड्याचे तास १६८. एका माणसाचे कायदेशीर तास ४८. भागाकार साडेतीन. म्हणजे तीन पाळ्यांचे तीन आणि सुट्टीच्या रिलिव्हरचा अर्धा. दोन माणसांना बारा-बारा तास उभं करून दर काढणारा ओव्हरटाइमची रक्कम कुणाच्या तरी खिशातून काढतो, आणि तो खिसा नेहमी गार्डचा असतो.

हिशेबाची रीत बघा. आकडे समजण्यापुरते धरले आहेत. तुमच्या परिमंडळाचं किमान वेतन आणि सहामाही बदलणारा विशेष भत्ता ताज्या परिपत्रकातून घ्या. मूळ आणि विशेष भत्ता मिळून १४,००० रुपये. घरभाडे भत्ता ५ टक्के, ७००. पीएफचा मालकाचा वाटा इतर आकारांसह १३ टक्के, १,८२०. ईएसआय १४,७०० वर ३.२५ टक्के, ४७८. बोनस ८.३३ टक्के, १,१६६. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के, ६७३. एकूण १८,८३७. रिलिव्हरचा अर्धा पगार तीन पाळ्यांत वाटला की प्रत्येकीला सहावा हिस्सा येतो. तो ३,१४० त्यात मिळवला की एका पाळीला २१,९७७ रुपये, आणि २४ तासांच्या एका गेटला साधारण ६६,०००. गणवेश, प्रशिक्षण, सुपरवायझरचा पगार, पेट्रोल, तुमचा नफा हे सगळं अजून यायचंच आहे. या धरलेल्या वेतनावर कोणी ४०,००० मध्ये २४ तासांचं गेट देत असेल, तर तो पीएफ भरत नाही, किंवा माणसाला डबल ड्युटी लावून एकच पगार देतो. त्या दराशी स्पर्धा करू नका.

जीएसटीत एक बारकावा आहे. सुरक्षा सेवेवर १८ टक्के कर. पण एजन्सी एकट्या मालकाची किंवा भागीदारीची असेल आणि गिऱ्हाईक जीएसटी नोंदणीकृत असेल, तर १ जानेवारी २०१९ पासून कर साधारणपणे गिऱ्हाईकानेच रिव्हर्स चार्जने भरायचा. तुम्ही बिलात लावायचा नाही. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर नेहमीप्रमाणे लावायचा. नोंदणी नसलेल्या हाउसिंग सोसायटीला बिल करताना तुम्हीच लावायचा. बिलाचा नमुना सीएकडून दोन प्रकारे करून घ्या.

बंदूक आणि रोकड

जळगावच्या सराफ बाजारात आणि बँकांत गनमॅन लागतो. शस्त्र परवाना त्या माणसाचा असतो, एजन्सीचा नसतो. उत्तरेकडून आलेल्या माजी सैनिकाचा परवाना महाराष्ट्रात वैध आहे का, हे परवान्यावरचं क्षेत्र वाचून बघा आणि स्थानिक पोलिसांकडे नोंद करूनच त्याला पॉइंटवर पाठवा. क्षेत्राबाहेर बंदूक बाळगणं हा शस्त्र कायद्याखालचा गुन्हा आहे.

एटीएमच्या रोकड वाहतुकीला २०१८ चे स्वतंत्र नियम आहेत. गाडीत एक चालक, दोन सशस्त्र गार्ड आणि दोन कस्टोडियन, म्हणजे रोकड सांभाळणारे. एका फेरीत पाच कोटींपेक्षा जास्त रक्कम नाही. शहरात रात्री नऊनंतर आणि ग्रामीण भागात संध्याकाळी सहानंतर एटीएममध्ये रोकड भरायची नाही. धडगाव किंवा मोलगीची फेरी असेल तर घाटाचा वेळ धरून सकाळीच निघा, कारण वाटेत गाडी अडली तर सहाची वेळ पाळता येत नाही.

गिऱ्हाईकाने महिन्याला काय मागावं

ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाला द्यावा लागतो, पीएफ-ईएसआयचंही तसंच. म्हणून तुम्ही गिऱ्हाईक असाल तर एजन्सीचं बिल पास करण्याआधी तीन कागद घ्या: नावनिहाय पीएफ चलान, ईएसआयची नावनिहाय यादी, आणि बँकेतून पगार जमा झाल्याचं विवरण. मग ही नावं स्वतःच्या गेटवरच्या हजेरीशी जुळवा. चलानावर बारा नावं, गेटवर सोळा चेहरे असतील तर त्या चार जणांना आधी नावाने विचारा की पगार कोण देतो. त्यांची नोंद होऊन पुढच्या महिन्याच्या चलानावर नाव येईपर्यंत त्या चौघांच्या बिलाची रक्कम थांबवा.